दुखायचं थांबलं, पण गुडघा तयार नाही

रविवारी सकाळी टर्फवर फुटबॉल खेळणाऱ्या आमच्यासारख्या नोकरदारांकडे ना संघाचा डॉक्टर असतो, ना फिजिओ. माझ्या गुडघ्यातलं एसीएल, म्हणजे मांडीच्या हाडाखाली नडगी पुढे सरकू न देणारं लिगामेंट फाटलं, तेव्हा बऱ्याच गोष्टी नव्याने कळल्या.

१. धक्का लागायलाच हवा असं नाही. पाय जमिनीत रोवला, अंग वळलं आणि गुडघा मागे राहिला, एवढंही पुरतं. आतून ‘कट्’ असा आवाज आला आणि काही तासांतच गुडघा टम्म फुगला, तर ‘मुरगळला असेल’ म्हणून सोडू नका.

२. एक्स-रे चांगला आला म्हणून हुरळू नका. त्यात हाडं दिसतात, लिगामेंट नाही. ऑर्थोपेडिक डॉक्टर हाताने गुडघा ओढून तपासतात, मग एमआरआय काढतात. सोबत गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटली आहे का तेही त्यात कळतं. तोवर बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंचावर. शेजारच्या काकांचं तेल कितीही गुणाचं असलं तरी सुजलेला गुडघा चोळून घेऊ नका.

३. ऑपरेशनची घाई बहुधा नसते. स्वीडनमधल्या १२१ तरुण, खेळत्या रुग्णांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी आधी व्यायामाची वाट धरली, त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांना दोन वर्षांत ऑपरेशन लागलं नाही. मात्र गुडघा वारंवार सटकत असेल, किंवा झटकन वळण्याचा खेळ पुन्हा खेळायचा असेल, तर डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. माझा गुडघा जिना उतरतानाही सटकायचा, म्हणून मी ऑपरेशन करून घेतलं.

४. आधी गुडघा सरळ करा. त्याखाली उशी घेतली की बरं वाटतं, पण तो वाकलेलाच आखडतो आणि चालताना लंगडणं मागे लागतं. गुंडाळलेला टॉवेल टाचेखाली ठेवा, गुडघ्याखाली नको.

५. मांडीवर लक्ष ठेवा. पुढचा स्नायू बघता बघता वाळतो. टेपने दोन्ही मांड्या मोजल्या की फरक डोळ्यांपुढे येतो आणि व्यायामाचा कंटाळा आपोआप पळतो.

६. सगळ्यात फसवा काळ दुखणं थांबल्यावरचा. ऑपरेशननंतर तीनेक महिन्यांत चालणं छान होतं, ग्रुपवर ‘कधी येतोस?’ सुरू होतं. पण मांडीमागच्या किंवा वाटीखालच्या स्नायूबंधातून घेतलेलं नवं लिगामेंट तेव्हा कच्चंच असतं. त्याला रक्तपुरवठा मिळून ते मुरायला बराच वेळ लागतो. खेळायला निदान नऊ महिने थांबावं. तेही नुसतं कॅलेंडर पाहून नाही: ताकदीत आणि एका पायावरच्या उडीत तो पाय चांगल्या पायाच्या ९० टक्क्यांपर्यंत आला पाहिजे.

७. घरच्यांचा प्रश्न वेगळाच असतो: ‘पंगतीत मांडी घालून कधी बसणार?’ मांडी घालणं आणि उकिडवं बसणं फिजिओला विचारूनच सुरू करा. तोवर खुर्ची मागायला लाजू नका.

८. परतल्यावर वॉर्म-अप टाळू नका. फिफाचा ‘११+’ वीसेक मिनिटांचा आहे, त्याला मशीन लागत नाही. आमच्यातले काही जण अजून हसतात. मी मात्र तो पुरा केल्याशिवाय चेंडूला पाय लावत नाही.