नवसागर आणि मोरचूद

आपल्या हैदराबादेतील सालारजंग संग्रहालयात बिदरी कामाच्या वस्तू पाहताना काळ्याभोर पृष्ठभागावरील रुप्याची वेलबुट्टी प्रथम डोळ्यांत भरते. बिदर शहर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. आज ते कर्नाटकात आहे. जस्तात थोडे तांबे मिसळून हे भांडे ओततात. कोरण्यापूर्वी त्यावर मोरचुदाचे पाणी लावून ते तात्पुरते काळे करतात, म्हणजे कोरीव रेघा स्पष्ट दिसतात. रुपे जडवून झाल्यावर किल्ल्यातील माती व नवसागर यांचा लेप देऊन कायमचा काळा रंग आणतात; रुपे मात्र शुभ्रच राहते.

विद्यार्थी मित्रहो, अणू परस्परांशी कसे बांधले जातात हे या दोन क्षारांवरून चांगले समजते.

दोन अणू इलेक्ट्रॉनांची एक जोडी सामाईक करून एकत्र राहू शकतात, हा विचार अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ साली मांडला. दोन घरांमधील सामाईक विहीर जशी दोघांचीही असते, तशीच ही जोडी होय. प्रत्येक अणूने एकेक इलेक्ट्रॉन दिला, तर तो सहसंयुज बंध. अमोनियाच्या रेणूत नायट्रोजनच्या बाह्य कक्षेत पाच इलेक्ट्रॉन असतात. त्यांपैकी तीन तो तीन हायड्रोजन अणूंबरोबरच्या भागीदारीत घालतो. उरलेल्या दोघांची जोडी त्याच्यापाशी एकटीच राहते.

आता हायड्रोक्लोरिक आम्लातील, आपला इलेक्ट्रॉन गमावून बसलेला हायड्रोजन जवळ आला म्हणजे काय होते? त्याच्यापाशी देण्यास काहीच नाही. तेव्हा नायट्रोजन आपली ती एकटी जोडी पुढे करतो. विहीर एकाने खणली, पाणी दोघांचे. हा सहसंबद्ध बंध. अशा रीतीने अमोनियम आयन तयार होतो आणि क्लोराइडच्या ऋण भाराशी विद्युत्‌आकर्षणाने बांधला जाऊन नवसागर बनतो. एका चिमटीत तीन प्रकारचे बंध!

पाठ्यपुस्तकात हा बंध बाणाने दाखवितात. माझ्या मते त्या बाणाने विद्यार्थ्यांची फसगतच अधिक होते. बंध जुळेपर्यंत बाण खरा. जुळल्यावर चारही हायड्रोजन सर्वस्वी सारखे असतात, आणि दानाने जोडलेला कोणता हे निसर्गासही सांगता यावयाचे नाही.

कल्हईवाल्याच्या भट्टीवर तापलेल्या भांड्यात नवसागर पडताच पांढरा धूर उठतो, तो घरातील वडीलधाऱ्यांनी पाहिलेला असेल. उष्णतेने हा बंध सुटून अमोनिया व हायड्रोजन क्लोराइड वेगळे होतात आणि वर थंड हवेत पुन्हा एकत्र येतात. त्या आम्लवायूने भांड्याच्या धातूवरील गंज निघतो व कथील चांगले धरते.

मोरचुदाची गोष्ट याहून रंगीत आहे. त्यात प्रत्येक ताम्र-आयनाभोवती पाण्याचे चार रेणू असतात, आणि त्यांतील ऑक्सिजन आपली एकटी जोडी तांब्याला देतो. पाचवा रेणू निराळ्या रीतीने धरलेला असतो. शाळेच्या प्रयोगशाळेत मोरचूद परीक्षानळीत तापवा: पाणी निघून जाते व निळा खडा पांढरा पडतो. निवल्यावर पाण्याचा थेंब टाका. निळाई परत येते. मोरचुदाच्या द्रावणात अमोनियाचे द्रावण थेंबाथेंबाने घातले, तर प्रथम फिकट निळा साका बसतो आणि पुढे तो विरघळून गर्द जांभळट निळा रंग चढतो. नायट्रोजनची तीच एकटी जोडी तेथे पाण्याची जागा घेते.