सफरचंदाची गोडी कशावर अवलंबून असते ?

गेल्या कार्तिकांत पुण्याच्या फळबाजारांतून सफरचंदांची एक पेटी घरीं आणिली. वरून पाहतां फळ मोठें, डागरहित व गर्द तांबडें. परंतु कापून खातां गर पिठासारखा लागला आणि मुलांनीं पहिल्या घासालाच तोंडें वांकडीं केलीं. त्याच दुकानांत कोपऱ्यांत ठेविलेलीं गोल्डन डिलिशस जातीचीं पिंवळट, लहान फळें कमी भावानें विकत होतीं. तीं मात्र रसाळ व करकरीत निघालीं. असें कां व्हावें, याचा विचार येथें केला आहे. अलीकडे महाराष्ट्रांतही कांहीं बागाईतदारांनीं सफरचंदाचीं कलमें लाविलीं असल्यामुळें हा विषय आपणांस अगदींच परका राहिलेला नाहीं.

प्रथम गराची रचना पाहूं. सफरचंदाचा गर सूक्ष्म पेशींचा असून त्या पेशी पेक्टिन नांवाच्या चिकट द्रव्यानें एकमेकींस जोडलेल्या असतात. त्यांच्यामध्यें हवेच्या पोकळ्या असतात. फळाच्या आकारमानाचा सुमारें पांचवा ते चौथा हिस्सा हवाच असते व म्हणूनच तें पाण्यावर तरंगतें. घट्ट फळ चावलें असतां पेशी फुटतात व रस तोंडांत येतो. फळ अति पिकलें म्हणजे पेक्टिन विरघळूं लागतें. मग दांताखालीं पेशी न फुटतां सुट्या होतात, रस त्यांच्या पोटांतच राहतो आणि जिभेस पीठ लागतें. तेव्हां पिठूळ फळ म्हणजे पाणी आटलेलें फळ, अशी जी समजूत आहे ती बहुधा बरोबर नसते.

गोडी ही नुसत्या साखरेची नव्हे. साखर व मॅलिक आम्ल यांचें प्रमाण आणि त्यांच्या जोडीला सुवास, यांवर चव ठरते. ऑस्ट्रेलियांतील ग्रॅनी स्मिथ जात आंबट, हिरवी व टणक. न्यूझीलंडची गाला गोड व हलक्या आंबटपणाची. जपानी फुजी फार गोड व रसाळ. तर काश्मीरची जुनी अंबरी तिच्या सुवासाबद्दल व टिकाऊपणाबद्दल नांवाजलेली आहे.

तांबड्या रंगाच्या मोहाची कथा मात्र विस्तारानें सांगण्यासारखी आहे. अमेरिकेंत आयोवा प्रांतीं जेसी हायट नांवाच्या शेतकऱ्याच्या बागेंत एक रोप आपोआप उगवलें. त्यानें तें तोडलें, तरी पुन्हां फुटलें. त्याचें फळ स्टार्क बंधूंच्या रोपवाटिकेनें १८९० नंतरच्या दशकांत हक्कासह विकत घेतलें व त्यास 'डिलिशस' हें नांव दिलें. मूळ फळ पट्ट्यापट्ट्यांचें होतें. पुढें एखाद्या झाडाच्या एखाद्याच फांदीवर अधिक तांबडीं फळें धरलीं कीं तिचेच डोळे घेऊन कलमें बांधावयाचीं, असा क्रम अनेक वर्षें चालला. रंग वाढला व लवकर चढूं लागला. पण साल जाड झाली आणि चवीकडे कोणी पाहिलें नाहीं. रंग आधीं चढल्यामुळें अपक्व फळही पक्व दिसूं लागलें, हा त्यांतील मोठा अनर्थ होय. याच डिलिशस वर्गाचीं कलमें सॅम्युएल स्टोक्स यांनीं १९१६ च्या सुमारास सिमल्याजवळील कोटगड भागांत आणिलीं व त्यांवर तेथील सफरचंदाचा व्यवसाय उभा राहिला.

मग तोडणी कशी ठरवावी ? कोंकणांतील बागाईतदार आंबा पाडास आला कीं नाहीं हें जसें पाहतो, तसेंच येथेंही पाहावें लागतें. झाडावर असतांना फळांत प्रथम पिष्ट सांठतें व पुढें त्याची साखर होते. फळ आडवें कापून आयोडिनच्या द्रावणांत मिनिटभर बुडविल्यास पिष्ट असलेला भाग निळा-काळा होतो व साखर झालेला भाग पांढरा राहतो. गाभ्याकडील भाग आधीं पांढरा होतो. बाहेरचा भाग अद्याप काळा होत असेल तें फळ दीर्घकाळ सांठविण्याजोगें; बहुतेक सर्व पांढरें राहिलें तर तें लागलीच विकावें. (तपासलेलें फळ अर्थातच खाऊं नये.) फार लवकर तोडलेल्या फळास सुवास येत नाहीं, उशीरां तोडलेलें पेटींतच भुसभुशीत होतें. तोडल्यावर तें जितकें लवकर शून्य अंश सेंटिग्रेडच्या जवळपास थंड करावें तितका त्याचा करकरीतपणा टिकतो. प्राणवायु कमी केलेल्या शीतगृहांत तें कैक महिने राहतें; सुवास मात्र थोडा घटतो.

खताचाही परिणाम आहेच. नत्र अधिक झाल्यास फळ मोठें, फिकट व मऊ होतें. गरांत चुन्याचा अंश कमी पडल्यास सालीखालीं कडवट तपकिरी ठिपके पडतात. दाट धरलेलीं फळें विरळ न केल्यास उरलेलीं सर्वच बेचव होतात.

आतां आपल्या इकडे. नेहमींच्या जातींस ७ अंश सेंटिग्रेडखालीं सुमारें १००० तास थंडी लागते; ती आपल्या पठारावर मिळत नाहीं. इस्राएलची ॲना किंवा बिलासपूरच्या हरिमन शर्मांनीं निवडलेली एच.आर.एम.एन.-९९ या जाती पुष्कळ कमी थंडींत फुलतात, हें खरें. परंतु झाडास फळ धरणें निराळें व तें फळ रुचकर होणें निराळें. उन्हाळ्यांतील उबदार रात्रींत फळांतील आम्ल लवकर खर्च होतें, रंग नीट भरत नाहीं व तोडल्यावर गर झपाट्यानें मऊ पडतो. म्हणून कलमांची मागणी नोंदविण्यापूर्वीं आपल्याच भागांतील एखाद्या बागेंत ज्येष्ठांत जाऊन झाडावरचें फळ स्वतः खाऊन पाहावें, आणि त्याच झाडाचीं चार फळें घरीं आणून आठ दिवसांनीं पुन्हां चाखावींत.