कच्ची वही

पोरी, परवा फोनवर म्हणालीस, "आत्या, मला सहावी-सातवीचं मराठी दिलंय. पोरं निबंध लिहीतच नाहीत, आणि लिहिला तर गाईडातला." तेवढ्यात रेंज गेली आणि बोलणं अर्ध्यावर राहिलं. म्हणून लिहून पाठवते. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत मराठी शिकवलं, त्यातलं मला जे खरोखर उपयोगी पडलं तेवढंच सांगते.

आपल्याकडे "परत लिहून आण" ही शिक्षा आहे. अक्षर वाईट, परत लिही. गृहपाठ विसरलास, पाच वेळा लिही. त्यामुळे परत लिहायला लागलं म्हणजे आपलं काहीतरी चुकलं, असं मुलांच्या मनात घट्ट बसलेलं असतं. आणि लिहिणं तर सगळं परत लिहिण्यातच आहे. वर्षभरात तुला हे एकच उलटवायचंय. समजावून सांगून ते होत नाही, करून दाखवावं लागतं.

जूनमध्येच प्रत्येकाला एक वेगळी कच्ची वही करायला सांग. मागच्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पानं शिवून केली तरी चालेल. त्या वहीत फक्त उजव्या पानावर लिहायचं, तेही एक ओळ सोडून. डावं पान कोरं ठेवायचं. नंतर सुचलेलं तिथे लिहायचं आणि बाण काढून आत घ्यायचं. ओळीत शब्द घुसवायची जी खूण असते तिला काकपद म्हणतात, हेही सांग. कावळ्याचा पाय म्हटल्यावर मुलांना ती खूण इतकी आवडते, की ती वापरायला मिळावी म्हणून मुद्दाम शब्द वाढवतात. वाढवू दे. मुख्याध्यापक किंवा केंद्रप्रमुख वह्या बघायला आले तर ही वही खाडाखोडीचीच आहे, असं तूच आधी सांग. मुलांना सांगायला लावू नकोस.

आता विषय. फळ्यावर "पावसाळा" लिहून खाली स्वतःच मुद्दे देऊ नकोस. तू मुद्दे दिलेस की चाळीस मुलांचा एकच निबंध तयार होतो. मुलांना जोडीने बसव आणि दहा मिनिटं नुसतं बोलू दे. एकाने सांगायचं, दुसऱ्याने विचारायचं. मग विषय लहान करायला लाव. "पावसाळा" नको, "आमचं छप्पर गळलं ती रात्र". "माझे गाव" नको, "आमच्या दारातला हातपंप". विषय इतका लहान झाला की तो कुठल्याही गाईडात सापडत नाही आणि मोबाइलवरही. नक्कल थांबवायचा याहून चांगला उपाय मला तरी सापडला नाही.

लिहिण्याआधी बोलण्यावर मी एवढा भर का देते, विचारशील. बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं. त्या घरात-शेतात काम करताना गाणी म्हणत, ती त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि मावसभावाने उतरवून ठेवली, म्हणून 1952 साली पुस्तक निघालं. आपल्या वर्गातल्या पुष्कळ मुलांचंही असंच असतं. तोंडात गोष्ट पूर्ण असते, पेन हातात घेतलं की ती पळून जाते. म्हणून आधी बोलू दे आणि बोललेलं लगेच उतरवायला सांग. पहिल्या खर्ड्यात "व्हता", "गेलतो", "म्या" येणारच. ते तसंच राहू दे. पुढे पक्कं लिहिताना निवेदन प्रमाण भाषेत आणायला शिकव, पण आजीच्या तोंडचं वाक्य आजीच्याच भाषेत ठेव. ते सुधारलंस तर आजी निबंधातून निघून जाईल.

पहिला खर्डा लिहिताना एकच नियम: थांबायचं नाही. पंधरा मिनिटं. शब्द अडला तर जसा येईल तसा लिहायचा, खाली रेघ मारून पुढे जायचं. खोडरबर दप्तरात. बाईंना विचारायला उठायचं नाही.

आणि त्या खर्ड्यावर तुझं लाल पेन टेकवू नकोस. हे मी फार मोठी चूक करून शिकले आहे. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी सातवीतल्या एका मुलीने आजीवर दीड पान लिहिलं होतं. आजीच्या हातावरच्या सुरकुत्यांवर. सुरकुत्या हा शब्द तिने तीन वेळा तीन तऱ्हांनी लिहिला होता आणि तिन्ही वेळा चुकवला होता. मी प्रत्येक चुकीला गोल केला. सगळं पान लाल झालं. पुढच्या महिन्यात तिने वही दिली. "माझी आजी म्हातारी आहे. ती मला आवडते. ती मला गोष्टी सांगते." एकही चूक नव्हती. मी दहापैकी आठ गुण दिले आणि सुधारणा झाली म्हणून खूश झाले. जो शब्द नीट लिहिता येत नाही तो लिहायचाच नाही, हे मी तिला शिकवलं होतं. ते माझ्या लक्षात यायला आणखी कितीतरी वर्षं गेली. तोवर ती पोर शाळा सोडून, लग्न होऊन गेली होती.

आता खरं काम सांगते. खर्डा झाला की दोन-तीन दिवस वही तशीच राहू दे. मग तो सुधारायला घ्यायचा. पण सुधारणं म्हणजे काय, हे मुलांनी कधी पाहिलेलंच नसतं. पुस्तकातला धडा त्यांना छापलेलाच भेटतो. त्यामागची खाडाखोड कुणी दाखवत नाही. ती तू दाखव, आणि स्वतःच्या लिहिण्यावर दाखव.

मी एकदा फळ्यावर "आमच्या घरची चूल" लिहायला घेतलं. "पहाटे आई उठून चूल पेटवायची. घरभर धूर व्हायचा. मग आम्ही उठायचो." एवढं लिहून मुलांना म्हटलं, तुम्हाला काय कळलं नाही ते विचारा. वर्ग गप्प. बाईंना विचारायची सवयच नाही. शेवटी मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "बाई, पावसात काडीपेटी भिजत नव्हती का?" मला एकदम आठवलं. आई पावसाळ्यात काडीपेटी तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवायची, आणि अंधारात डब्यातून तांदूळ सरकल्याचा आवाज आला की आम्हाला कळायचं, आई उठली. चाळीस वर्षांत ते मला आठवलं नव्हतं. मी "घरभर धूर व्हायचा" खोडलं आणि तांदळाचा आवाज लिहिला. वर्गाने बाईंना स्वतःचं वाक्य खोडताना पहिल्यांदा पाहिलं. त्यानंतर मला "खोडा रे" असं सांगावं लागलं नाही.

जोडीदाराने खर्डा कसा ऐकायचा, हेही शिकवावं लागतं. नाहीतर सगळे "छान आहे" म्हणतात, किंवा वेलांट्या शोधत बसतात. म्हणून वही ऐकणाऱ्याच्या हातात द्यायचीच नाही. लिहिणाऱ्याने मोठ्याने वाचायचं. ऐकणाऱ्याने दोनच गोष्टी सांगायच्या: काय डोळ्यांसमोर आलं, आणि आणखी काय ऐकायचंय. मोठ्याने वाचताना "आणि मग", "आणि मग" लिहिणाऱ्याला आपोआप खटकतं. तुला सांगावं लागत नाही.

आणि तूही प्रत्येकाशी बोल. चाळीसचा पट आहे, वेळ कुठून आणू, म्हणशील. एका तासिकेत पाचच मुलं घे. बाकीचे लिहीत असताना त्यांच्याजवळ जाऊन बस, प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं. आठ तासिकांत सगळा वर्ग होतो. जाऊन बस म्हणते, टेबलाशी बोलावू नकोस. टेबलाशी आलेलं पोर वही पुढे करून लाल पेनची वाट बघत उभं राहतं.

सहावीतल्या एका मुलाचं सांगते. त्याने जत्रेवर लिहिलं होतं: "जत्रेत खूप मजा आली. आम्ही पाळण्यात बसलो. भेळ खाल्ली. असा दिवस मी कधीही विसरणार नाही." मी विचारलं, पाळण्यात शेजारी कोण होतं? म्हणाला, आज्जी. बरं, ती काय करत होती? तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "डोळे गच्च मिटलेले. आन माझं मनगट धरलेलं. तिच्या बांगड्या रुतल्या." मी म्हटलं, दाखव कुठे रुतल्या. त्याने मनगट पुढे केलं. महिना उलटून गेला होता, तिथे काहीच नव्हतं, पण त्याने बोट ठेवून जागा दाखवली. मी एवढंच म्हटलं, हे लिहिलंयस कुठे? त्याने वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि डाव्या पानावर लिहायला लागला. भेळ त्याने स्वतःहून खोडली. "कधीही विसरणार नाही" हे वाक्यही खोडलं. मी कारण विचारलं, तर म्हणाला, "बाई, आता ते कळतंयच की."

कधी परिच्छेदांचा क्रमच चुकलेला असतो. तेव्हा खर्ड्याची दुसरी प्रत कात्रीने कापायला सांग आणि तुकडे जमिनीवर मांडून सरकवू दे. पटलं की डिंकाने चिकटवायचे. सातवीची मोठी मुलंसुद्धा यात रमतात. या पायऱ्या मात्र जिन्यासारख्या समजू नकोस. कापाकापी करताना एखाद्याला नवीनच काही आठवेल, तो पुन्हा पहिल्या खर्ड्याकडे जाईल. वेळापत्रक सांभाळायला त्याला ओढून पुढे आणू नकोस.

शुद्धलेखन सगळ्यात शेवटी, मजकूर ठरल्यावर. जे वाक्य उद्या खोडायचंय त्याच्या वेलांट्या आज कशाला दुरुस्त करायच्या? साहित्य महामंडळाचे नियम अठरा आहेत. ते एका दिवशी मुलांपुढे ओतू नकोस. एका लेखाला एकच नियम घे. या वेळी शेवटचा इकार-उकार दीर्घ, आणि त्याला "आणि", "नि" हे अपवाद. पुढच्या वेळी विहीर पण विहिरीत, फूल पण फुलाला. मुलांनी तेवढंच शोधायचं, तूही तेवढंच तपास. अरुण फडके यांचं "शुद्धलेखन ठेवा खिशात" वर्गात ठेव. मुलांनी ते स्वतः उघडून बघितलं पाहिजे.

पक्कं लिहून झालं की ते कुणीतरी वाचलं पाहिजे. तुझ्याशिवाय कुणीतरी. परिपाठात रोज एकाला वाचू दे, भित्तिपत्रकावर लाव, वर्षाचं हस्तलिखित कर. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते तेव्हा वसतिगृहातल्या मुलांसाठी "छात्रालय" नावाचं दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढत. रोज! तुला निदान महिन्याला एक जमेल. ज्यांचं खूप छान उतरलंय त्यांचं "किशोर"ला पाठव. बालभारती हे मासिक 1971 पासून काढते.

गुरुजींवरून आठवलं. शिक्षक परिषदेत कुणीतरी तुला म्हणेल, "श्यामची आई" पाच दिवसांत लिहून झालं, कसले खर्डे घेऊन बसलीस! 1933 च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, पाच दिवसांतच झालं हे खरं आहे. पण त्या आठवणी गुरुजींनी किती वर्षं मनात घोळवल्या असतील! आपल्या बारा वर्षांच्या मुलाला ते सगळं कागदावर करावं लागतं, म्हणून त्याला कागद जास्त लागतो.

परीक्षेची काळजी करू नकोस. वर्षात असे पाच-सहा लेख नीट झाले तरी पुष्कळ. परीक्षेच्या आधी सराव म्हणून अर्ध्या तासाचे निबंध घे: पाच मिनिटं पेपराच्या मागे शब्द टिपायचे, वीस मिनिटं लिहायचं, शेवटची पाच मिनिटं मनात वाचून काकपदं घालायची. एकदा हात सुधारायला शिकला की त्याला ती पाच मिनिटं पुरतात. आकारिक मूल्यमापनाला गुण देताना मात्र पहिला आणि शेवटचा खर्डा शेजारी ठेव, आणि मुलाने मधे काय केलं त्याचे गुण दे. ज्याचं पहिलंच बरं होतं आणि ज्याने पुढे काहीच केलं नाही, त्याला कमी पडू देत. पालक विचारायला येतील. दोन्ही कागद दाखव.

म्हणून खर्डे फेकू नका, असं मुलांना बजाव. कपाटात जागा नसेल तर पत्र्याचा डबा आण. मार्चमध्ये जूनचा कागद ज्याच्या त्याच्या हातात दे.

जत्रेच्या त्या निबंधाचा खर्डा अजून माझ्याकडे आहे. तो मुलगाच सातवीतून जाताना देऊन गेला. डावं पान बाणांनी भरलंय आणि भेळ खोडलेली दिसते. तो या पत्रासोबत घालते आहे. वर्गात हातोहात फिरव, सगळ्यांना बघू दे. घडीवर फाटत आलाय, तिथे तेवढा जपून धरायला सांग, आणि दिवाळीला येशील तेव्हा परत घेऊन ये.