हौशी चित्रकार आणि नवचित्रकला : ‘छंद’ या शब्दाच्या निमित्ताने

हौशी चित्रकाराला ‘हुबेहूब’ तेवढेच रुचते आणि नवचित्रकला त्याच्या डोक्यावरून जाते, हा समज इतका रूढ आहे की तो तपासून पाहण्याची गरज फारशी कोणाला वाटलेली नाही. दोन प्रख्यात हौशी चित्रकारांची उदाहरणे मात्र निराळेच काही सुचवितात.

विन्स्टन चर्चिल यांनी दार्दानेल्सच्या अपयशानंतर, १९१५ साली, प्रथम कुंचला हाती घेतला. १९४९ मध्ये रॉयल अकॅडमीच्या मेजवानीत अध्यक्ष आल्फ्रेड मनिंग्ज यांनी सेझान, मातिस आणि पिकासो यांच्यावर यथेच्छ तोंडसुख घेतले व जवळच बसलेल्या चर्चिल यांनाही आपल्या पक्षात ओढले. तेव्हापासून नवकलेचा द्वेष करणारा हौशी चित्रकार म्हणून चर्चिल यांचा दाखला दिला जातो. परंतु १९२१-२२ मध्ये ‘स्ट्रँड’ मासिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात माने व मोने यांच्याबरोबर याच सेझान-मातिसांचा गौरव आहे. कीट्स आणि शेली यांनी काव्याची जी सेवा केली, तशीच या चित्रकारांनी चित्रकलेची केली, असा तेथील आशय आहे. चर्चिल यांना रंगांच्या उजळपणाची ओढ होती, आणि तो त्यांना नव्यांपाशीच सापडला.

रवींद्रनाथांची वाट याहून वेगळी. ‘पूरबी’च्या हस्तलिखितातील खाडाखोडीतून आकार उमटत गेले आणि १९३० साली पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. रीतसर शिक्षण नसल्याने कोणत्याच शैलीच्या बाजूने वा विरुद्ध उभे राहण्याचे त्यांना कारण नव्हते.

मराठी हौशी चित्रकाराचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. तो ज्याला ‘परंपरा’ म्हणतो ती अजिंठ्याची नव्हे, पिंगुळीच्या चित्रकथींचीही नव्हे. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या जे. जे. स्कूलमधून आणि रविवर्म्याच्या छापील चित्रांतून घरोघर पोहोचलेली ती पाश्चात्त्य वास्तवदर्शी रीत आहे. म्हणजे एका आयात शैलीच्या नावाने दुसरीला परकी ठरविले जाते. तथापि याला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. कचेरीतून उरलेल्या वेळात चित्र काढणाऱ्याला आपला हात किती बसला हे कळण्यासाठी काही माप लागते. चेहरा जुळला की नाही, हे शेजारीही सांगू शकतो. नवचित्रकला नेमके हेच माप काढून घेते, आणि त्याच्या जागी जे देते ते ओळखायला फार वर्षे जातात. प्रोग्रेसिव्ह गटातील (१९४७) के. एच. आरा हे स्वयंशिक्षित होते, ही गोष्ट येथे विसरून चालणार नाही. माप नसल्याचे भय सर्वांनाच सारखे वाटत नाही.

मराठीत ‘छंद’ म्हणजे वृत्तही आणि मनाला लागलेला नादही. रवींद्रनाथांनी आपल्या चित्रांना रेषांतील पद्यरचना म्हटले तेव्हा त्यांना पहिला अर्थ अभिप्रेत होता. आपले हौशी चित्रकार, आणि त्यांच्यावर लिहिणारे समीक्षकही, बहुधा दुसऱ्यापाशीच थांबतात.