शेतातील यंत्रांचे निरोप आणि त्यांची कुलुपे

विहिरीवरील पंप दुरून चालू-बंद करणारी आणि जमिनीतील ओलावा मोजून कळविणारी लहान यंत्रे आता पुष्कळ मळ्यांत दिसू लागली आहेत. ही यंत्रे आपले निरोप बिनतारी लहरींनी धाडतात. लहरी बांधापाशी थांबत नाहीत. योग्य उपकरण जवळ असलेल्या कोणासही त्या पकडता येतात. म्हणून ठरावीक किल्लीशिवाय निरोप वाचता येऊ नये अशा रीतीने त्याचे रूप पालटावे लागते. यास गुप्तलेखन म्हणतात.

आपल्या जमिनीत ओलावा किती, हे शेजाऱ्यास कळल्याने फारसे बिघडत नाही. परंतु ‘पंप चालू कर’ हा खोटा निरोप यंत्राने खरा मानला, तर आटलेल्या विहिरीवर मोटार रात्रभर कोरडी फिरून जळेल. म्हणून निरोप झाकण्यापेक्षाही, तो आपल्याकडूनच निघाला व वाटेत बदलला नाही, याची खूण अधिक महत्त्वाची होय. झाकण हे पाकीट; खूण ही त्यावरील लाखेची मोहोर.

सर्वांत रुळलेली पद्धत एईएस होय. ती २००१ साली अमेरिकेत प्रमाण ठरली. लहान यंत्रांस ती जड पडते असे म्हणतात. पण पुष्कळ चिपांत एईएसचे काम करणारा भाग मुळातच बसविलेला असतो. तेथे दुसरी पद्धत शोधण्याचे कारण नाही. २००७ सालची प्रेझेंट ही पद्धत चिपवरील जागा वाचविण्यासाठीच आखलेली आहे. चिपवरील जागा ‘द्वार’ या एककात मोजतात. एईएसच्या अगदी आटोपशीर मांडणीस सुमारे २,४०० द्वारे लागतात, तर प्रेझेंटला सुमारे १,५७०. मात्र ही काटकसर ८० बिटांच्या किल्लीची आहे व तेवढी किल्ली आज आखूड समजली जाते. शिवाय या दोन्ही पद्धतींत मोहोरेची सोय निराळी करावी लागते.

अ‍ॅस्कॉन या पद्धतीत पाकीट व मोहोर एकदमच तयार होतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१८ साली अशा लहान साधनांसाठी पद्धती मागविल्या, तेव्हा ५७ प्रस्ताव आले. त्यांतून फेब्रुवारी २०२३ मध्ये अ‍ॅस्कॉनची निवड झाली व ऑगस्ट २०२५ मध्ये तिचे प्रमाण प्रसिद्ध झाले. ज्या चिपांत एईएसचा भाग नाही, तेथे हीच घ्यावी, असे आमचे मत आहे. तिची पूर्ण मोहोर १६ बाइटांची असते, आणि ओलाव्याचा आकडा तर २ बाइटांत मावतो! निरोप लांबला की बॅटरी अधिक खर्ची पडते. तरीपण पंपाच्या निरोपात येथे काटकसर करू नये.

पद्धत कोणतीही असो, प्रत्येक निरोपास नवा क्रमांक हवा. पावतीपुस्तकात एकच क्रमांक दोन पावत्यांवर आला की हिशेब बिघडतो, तसेच येथे होते. एकाच किल्लीने व एकाच क्रमांकाने दोन निरोप झाकले, तर ते ताडून पाहणाऱ्यास मजकुराचा सुगावा लागतो. तसेच घेणारे यंत्र जुना क्रमांक नाकारीत नसेल, तर कालचा ‘चालू कर’ हा निरोप टिपून ठेवून आज पुन्हा सोडता येतो. मोहोर खरीच असल्याने यंत्र फसते. हा दोष बहुधा बॅटरी बदलताना उद्भवतो. कारण काही यंत्रे त्यानंतर क्रमांक पुन्हा शून्यापासून मोजू लागतात.

ग्रामसेवकांनी खरेदीपूर्वी विक्रेत्यासमक्ष ही परीक्षा करून पाहावी. यंत्राकडून चार-पाच निरोप पाठवून घ्यावेत आणि शेवटचा क्रमांक लिहून ठेवावा. नंतर बॅटरी काढून दहा मिनिटांनी पुन्हा बसवावी. पुढील क्रमांक आधीच्याहून मोठा आला, तर ठीक. तो पुन्हा आरंभापासून सुरू झाला आणि किल्लीही तीच राहिली असेल, तर ते यंत्र पंपावर बसवू नये.