रोगनिदानासाठी नमुने : सुरतेच्या साथीचा धडा

ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ उद्भवली. भयभीत होऊन लाखो लोकांनी शहर सोडले. सुरतेच्या पूर्वेकडील पर्वत पाटिया, लिंबायत या भागांत खानदेशातून गेलेली अनेक कुटुंबे राहतात. त्यामुळे हा इतिहास महाराष्ट्राला परका नाही.

रोग प्लेगच होता काय, यावर तज्ज्ञांत दीर्घकाळ वाद चालला. टेट्रासायक्लिनसारखे औषध पोटात गेल्यावर थुंकी घेतली, तर प्रयोगशाळेत जंतूंची वाढ होणे कठीण जाते. म्हणून पुढील गोष्टी अगत्याने पाळाव्यात.

(१) उंदीर पडू लागल्यास आरोग्य केंद्रास तत्काळ कळवावे. मेलेल्या उंदरास उघड्या हाताने शिवू नये. त्याच्या अंगावरील पिसवा चावून रोग पसरतो.

(२) शक्यतो औषधापूर्वी नमुना द्यावा. मात्र त्यासाठी उपचार लांबवू नये.

(३) ताप आल्यास आरोग्य सेवकाकडून रक्त तपासून घ्यावे. काचपट्टीवरील थेंबात हिवतापाचे जंतू ओळखता येतात.

(४) पर्वत पाटियाप्रमाणे जेथे पावसाळ्यात खाडीचे पाणी शिरते, तेथे पिण्याच्या पाण्याचा नमुना निर्जंतुक बाटलीत घ्यावा, थंड ठेवावा व २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावा.

(५) नमुन्यावर नाव, ठिकाण, दिनांक व वेळ लिहावी. नोंदीवाचून नमुना व्यर्थ होय.

एक नमुना वेळेवर पोहोचला, तर साथीची चाहूल सबंध गावास वेळेवर लागते.