शिक्षकांचें इंग्रजी वक्तृत्व

मुलांनीं सभेंत धीटपणें इंग्रजी बोलावें, अशी इच्छा पुष्कळ पालक आम्हांपाशीं व्यक्त करितात. परंतु ज्या शिक्षकांनीं त्यांस शिकवावयाचें, त्यांस स्वतःस बोलावयास कोणीं शिकविलें, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. आमचीच गोष्ट सांगतों. पदवी घेऊन नोकरीस लागलों, त्या पहिल्याच वर्षीं एका समारंभांत आभाराचीं चार इंग्रजी वाक्यें बोलावयास उभे राहिलों आणि दुसऱ्याच वाक्यास अडलों. व्याकरण पाठ होतें. जीभ मात्र वळलेली नव्हती. त्यानंतर कित्येक वर्षें इंग्रजीचा धडा आम्ही मराठींतच उरकीत असूं. आमच्या भित्रेपणाचें नुकसान विद्यार्थ्यांस सोसावें लागलें.

वक्तृत्व ही केवळ जन्मजात देणगी आहे, असें समजणारांनीं कै. गोपाळ कृष्ण गोखले यांचें चरित्र पाहावें. १८८५ सालीं ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलांत शिक्षक झाले. इंग्रजी उतारे पाठ करण्याचा परिपाठ त्यांनीं ठेविला होता. १८९७ सालीं विलायतेंत वेल्बी कमिशनपुढें त्यांनीं साक्ष दिली, आणि १९०२ सालचें त्यांचें अंदाजपत्रकावरील भाषण देशभर गाजलें. त्यामागें एका शिक्षकाची मेहनत होती.

मराठी माणसास इंग्रजी बोलतांना दोन अडचणी विशेष जाणवतात. पहिली आघाताची. आपण शब्दांतील अक्षरें बहुधा सारख्या जोरानें उच्चारतों. इंग्रजींत जोर एखाद्याच अक्षरावर पडतो. ‘फोटोग्राफ’ या शब्दांत तो पहिल्या अक्षरावर, तर ‘फोटोग्राफर’ यांत दुसऱ्यावर. दुसरी अडचण ओठांची. बंडी व पश्चिम दिशा या दोहोंस आपण ‘वेस्ट’ असेंच म्हणतों; वस्तुतः बंडी म्हणतांना खालचा ओठ वरच्या दांतांस टेकला पाहिजे, व दिशा म्हणतांना दोन्ही ओठ गोल झाले पाहिजेत.

हें केवळ पुस्तकांतून साधत नाहीं. चूक दाखविणारा सोबती लागतो. २००० सालीं महाराष्ट्रांत पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी आलें, तेव्हां ही गरज खेडोपाडीं पोहोंचली. २०१६ सालीं सुरू झालेल्या ‘तेजस’ उपक्रमांत शिक्षकांनीं लहान गटांनीं जमून एकमेकांपासून शिकावें, अशी योजना होती. हीच रीत आमच्या मुळशी तालुक्यास सोयीची आहे. डोंगराआडच्या वाडीवरील शिक्षकास पुण्यास वरचेवर जाणें जमत नाहीं. परंतु चार शाळांचे शिक्षक महिन्यांतून एकदां पौडास भेटूं शकतात. प्रत्येकानें तीन मिनिटें उभें राहून बोलावें. इतरांनीं एक गुण व एक दोष सांगावा. आषाढांत पत्र्यावर पाऊस कोसळत असतां शेवटच्या बांकापर्यंत शब्द स्पष्ट पोहोंचला, म्हणजे अभ्यास झाला असें समजावें.

विद्यार्थ्यांनो, तुमचे गुरुजी इंग्रजी बोलतांना अडखळले तर हसूं नका. जो शिक्षक तुमच्यादेखत चुकतो व पुन्हां बोलतो, तो तुम्हांस न भिण्याचा धडा देत असतो. आणि पालकहो, मूल घरीं मोडकें इंग्रजी बोललें, तर त्यास थांबवूं नका, ऐकून घ्या. आम्हांस त्या वेळीं असें ऐकून घेणारें कोणी भेटलें असतें, तर आमच्या पहिल्या विद्यार्थ्यांचीं तीं वर्षें फुकट गेलीं नसतीं.